फ्रूडची वजाबाकी

जहाजशास्त्रात मला सर्वांत देखणी वाटलेली गोष्ट म्हणजे एक वजाबाकी. चौथीतल्या पोरालाही जमावी इतकी सोपी. जहाजाची लहान प्रतिकृती करायची, ती पाण्यातून ओढायची आणि ओढायला किती जोर लागला ते मोजायचं. त्यातून पाण्याच्या घर्षणात गेलेला जोर वजा करायचा. उरते ती बाकी, मुख्यतः लाटा उठवण्यात खर्ची पडलेली. ही बाकी ठरलेल्या पटीने वाढवून मोठ्या जहाजाला लावायची. घर्षणाचा आकडा मात्र मोठ्या जहाजासाठी वेगळा काढायचा आणि त्यात मिळवायचा. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने ही रीत १८६८ मध्ये सरकारपुढे मांडली आणि १८७४ पर्यंत खरी करून दाखवली. आज संगणक आले, सूत्रं सुधारली, तरी मोठ्या जहाजाची प्रतिकृती हौदात ओढली जाते तेव्हा हिशेबाच्या मुळाशी हीच वजाबाकी असते.

यात रस कसला घ्यायचा, असं कुणी विचारेल. रागाची ओळख त्याच्या वर्ज्य स्वरांवरूनही पटते, तसं फ्रूडचं मोठेपण त्याने काय बाजूला काढलं यात आहे. हिशेब कुणीही केला असता. कशातून काय वजा करायचं, हे ओळखायला मात्र त्याला बरीच वर्षं पाण्याकडे बघत बसावं लागलं.

प्रतिकृती ओढून पाहणारे फ्रूडच्या आधीही होते. १७७५ मध्ये पॅरिसला बोस्यू, दालाँबेर आणि काँदोर्से या तिघांनी हा उद्योग केला. पुढे लंडनच्या ग्रीनलंड डॉकमध्ये मार्क बोफॉय यांनी वर्षानुवर्षं ठोकळे ओढले. आकड्यांच्या वह्या भरल्या, पण त्या आकड्यांवरून खऱ्या जहाजाचा अंदाज बांधायला जावं तर काही जुळेना. शहाण्यासुरत्या जहाजबांधणाऱ्यांनी मग प्रतिकृतींचा नादच सोडला. आणि त्यांचं फारसं अडतही नव्हतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने असले कुठलेही प्रयोग न करता सागवानी जहाजं बांधली. १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. बापाकडून मुलाकडे आलेली नजर पुरेशी होती, कारण जहाजाचा आकार पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदलत नव्हता. लोखंड आणि वाफ आली तसा हा आधार सुटला. दुप्पट लांबीचं जहाज बांधायचं तर त्याला इंजिन केवढं लागेल, हे सांगणारा आजोबा कुणाच्याच घरात नव्हता.

असं आडमाप जहाज म्हणजे इंजिनिअर ब्रुनेलचं ‘ग्रेट ईस्टर्न’. फ्रूड तरुणपणी ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेच्या कामावर होता. पुढे वडिलांच्या सोबतीसाठी नोकरी सोडून तो डेव्हनमध्ये राहिला. १८५७ च्या सुमारास ब्रुनेलने त्याला विचारलं, एवढं अजस्र जहाज लाटांवर किती डोलेल? त्या प्रश्नातून १८६१ चा जहाजांच्या डोलण्यावरचा निबंध निघाला आणि फ्रूड या शास्त्रात आला तो कायमचा. जाता जाता सांगायला हवं, की हे ‘ग्रेट ईस्टर्न’ १८७० मध्ये मुंबईच्या बंदरात उभं होतं. मुंबई ते एडन तारेची केबल त्यानेच समुद्रात टाकली. ते बांधलं होतं जॉन स्कॉट रसेल यांच्या कारखान्याने. हे नाव लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुन्हा येतं.

रसेल यांचा लाटांचा अभ्यास दांडगा होता. एडिनबरोजवळच्या कालव्यात, ओढीची होडी थांबल्यावर एकटीच पुढे निघालेली लाट १८३४ मध्ये त्यांनी घोड्यावरून पाठलाग करत पाहिली होती. त्यावरून त्यांनी जहाजाच्या आदर्श आकाराचा सिद्धांत रचला: नाळ निमुळती, आत किंचित वळलेली, पाण्याला हलकेच बाजूला सारणारी. सिद्धांत सुबक होता. फ्रूडने १८६७ मध्ये दोन आकारांच्या प्रतिकृती केल्या. एकीचं नाव ‘रेव्हन’, म्हणजे डोमकावळा. तिची टोकं अणकुचीदार, रसेल यांच्या वळणाची. दुसरी ‘स्वान’, म्हणजे राजहंस. तिची टोकं भरीव, गोलसर, कुठल्याही सुताराने नाक मुरडावं अशी. दोन्ही आकार प्रत्येकी तीन मापांत केले: ३ फूट, ६ फूट आणि १२ फूट. वाफेच्या लाँचला बाहेर काढलेल्या दांड्याला बांधून त्या डार्ट नदीत ओढल्या.

कमी वेगात रेव्हन सरस ठरली, वेग वाढला तशी स्वान तिला मागे टाकू लागली. म्हणजे आदर्श आकार अशी वस्तूच जगात नाही. कुठला आकार चांगला, हे वेग सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही. एखादा वादपटू एवढ्यावर खूश होऊन रसेल यांच्यावर तुटून पडला असता. पण फ्रूडचं लक्ष आता जिंकण्या-हरण्यावर नव्हतंच. तो प्रतिकृतींच्या अंगाला लागून उठणाऱ्या लाटा बघत होता. १२ फुटी होडी एका वेगाने जाताना तिच्या कुशीला लाटांची जी नक्षी उठते, हुबेहूब तीच नक्षी ३ फुटी होडीच्या कुशीला उठते, फक्त निम्म्या वेगाला. लांबी चौपट, तर वेग दुप्पट. लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वेग ठेवला की लहान-मोठ्या होड्या पाण्यावर एकसारखी रेघ उमटवतात. फ्रान्समध्ये फर्डिनांड रीच यांनी असाच नियम गणिताने आधी मांडलेला होता; फ्रूड त्याच्यापर्यंत नदीच्या काठाने आला. मला यातली डोळ्यांची करामत मोलाची वाटते. मागचे लोक होडीला बांधलेल्या दोरीचा ताण बघत होते, फ्रूडने पाणी पाहिलं.

आता वजाबाकीचं मर्म. समजा प्रतिकृती जहाजाच्या एक सोळांश मापाची आहे. नियमाप्रमाणे जहाजाचा वेग प्रतिकृतीच्या चौपट धरायचा. मग लाटांचा विरोध सोळाच्या घनाने वाढतो, म्हणजे ४०९६ पट. घर्षणाचं काय? भिजलेलं अंग सोळाच्या वर्गाने वाढलं, २५६ पट. वेग चौपट, त्याचा वर्ग १६. गुणाकार पुन्हा ४०९६! म्हणजे वजाबाकीची गरजच नाही. एकूण जोराला सरसकट ४०९६ ने गुणा आणि मोकळे व्हा. भले भले या जागी फसले असते, कारण गणितात चूक काहीच नाही. चूक आहे ती दोन गोष्टी गृहीत धरण्यात: घर्षण नेमकं वेगाच्या वर्गानेच वाढतं, आणि लांब पृष्ठभागाच्या दर चौरस फुटाला आखूड पृष्ठभागाइतकंच घर्षण सोसावं लागतं.

हे तपासायला फ्रूडने फळ्या ओढल्या. नुसत्या फळ्या, उभ्या धरलेल्या. उंची १९ इंच, जाडी तीन सोळांश इंच, कडा धारदार, म्हणजे लाट उठायलाच नको. लांबी १ फुटापासून ५० फुटांपर्यंत. कुणाला वार्निश, कुणाला टिनचा वर्ख, कुणाला सुती कापड, कुणाला वाळू: बारीक, मध्यम, जाड. याहून कंटाळवाणं काम शोधून सापडणार नाही. निकाल मात्र असा की वाचताना मी कोष्टकावर बोट ठेवून थांबतो. मिनिटाला ६०० फूट वेगाने वार्निश केलेली २ फुटी फळी ओढली, तर दर चौरस फुटाला ०.४१ पौंड जोर लागतो. फळी ५० फुटांची केली की तोच आकडा ०.२५ वर येतो. तेच वार्निश, तेच पाणी, तोच वेग. फ्रूडने कारणही तिथेच दिलं. फळीचा पुढचा भाग पाण्याला आपल्याबरोबर ओढून घेतो. मागच्या भागाला मग थांबलेल्या पाण्यावर घासावं लागत नाही, त्याच्याच दिशेने निघालेल्या पाण्यावर घासावं लागतं. फळी जितकी लांब, तितका मागचा भाग स्वस्तात सुटतो. जर्मनीच्या प्रांटलने सीमास्तराची, म्हणजे पृष्ठभागाबरोबर ओढल्या जाणाऱ्या अशा थराची, कल्पना मांडली १९०४ मध्ये. फ्रूडपाशी ते गणित नव्हतं, चित्र मात्र होतं.

म्हणून सरसकट गुणाकार चालत नाही. लहान प्रतिकृती घर्षणापायी आपल्या वाट्याहून जास्त भोगते. ते भोगणं जसंच्या तसं गुणून मोठ्या जहाजाच्या माथी मारलं, तर जहाजावर अन्याय होतो. जे मापाबरोबर इमानाने वाढतं ते वाढवायचं, जे वाढत नाही ते आधी काढून घ्यायचं. एवढीच वजाबाकी, तिच्यामागे ५० फुटांची फळी उभी आहे.

या सगळ्यासाठी फ्रूडने ब्रिटिश आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांना १८६८ मध्ये आपली योजना कळवली होती. दोन हजार पौंड द्या, मी घराशेजारी हौद बांधतो आणि दोन वर्षं प्रयोग करतो; माझ्या कामाचा मोबदला नको. दरम्यान ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या एका समितीने खऱ्या जहाजांवरच प्रयोग व्हावेत अशी शिफारस केली. समितीत फ्रूडही होता आणि त्याने आपलं वेगळं मत नोंदवलं. १८७० मध्ये तो नेव्हल आर्किटेक्ट्सच्या सभेत बोलला तेव्हा त्याला सर्वांत कडवा विरोध केला तो स्कॉट रसेल यांनी. लहान प्रतिकृतींनी मन रमेल, मोठ्या जहाजाबद्दल कळणार काही नाही, असा त्यांचा सूर. पुढे इतिहासाने रसेल यांची थट्टा केली. मला ती अन्यायाची वाटते. शंभर वर्षांचा अनुभव त्यांच्याच बाजूचा होता. त्यांची शंका बरोबर होती, उत्तर फक्त समोरच्या माणसाच्या खिशात होतं.

ॲडमिरल्टीने, म्हणजे आरमाराच्या कारभाऱ्यांनी, पैसे दिले. टॉर्कीला चेल्स्टन क्रॉस या आपल्या घराजवळ फ्रूडने २७८ फूट लांब, ३६ फूट रुंद आणि १० फूट खोल हौद बांधला, वर छप्पर घातलं. छपराला लटकवलेल्या रुळांवरून एक गाडा धावायचा. वाफेचं इंजिन त्याला दोराने ओढायचं आणि नियंत्रक त्याचा वेग जराही हलू द्यायचा नाही. गाड्याखाली प्रतिकृती, गाड्यावर जोर मोजण्याचं यंत्र. फिरत्या पिंपावरच्या कागदावर रेघ आपोआप उमटत जायची. यंत्राचा बराचसा भाग फ्रूडने स्वतः घडवलेला. आर्चडीकनचा मुलगा, एक भाऊ ऑक्सफर्डच्या धर्मचळवळीतला, एक नामवंत इतिहासकार. विल्यमच्या वाट्याला लेथ आली होती आणि तिच्यावर तो खूश होता.

प्रतिकृती मेणाची. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि कोरायला वेळ खातं. फ्रूडने कडक पॅराफिन वितळवून मातीच्या साच्यात ओतलं, मध्ये गाभा ठेवून होडी पोकळ काढली. मग ती एका खास यंत्रावर चढायची. कारागीर नकाशावरच्या रेषेवरून टोक फिरवायचा आणि त्याबरहुकूम दोन फिरती पाती होडीच्या दोन्ही कुशी एकदम कोरायची. एक पाणरेषा झाली की दुसरी, की तिसरी. अंगावर राहिलेल्या पायऱ्या शेवटी हाताने खरवडून काढायच्या. नाळ जरा भरीव हवी? मेण चढवा. जरा निमुळती हवी? खरवडा. प्रयोग संपला की होडी पुन्हा कढईत. संशोधनात सामानाची निवड म्हणजे निम्मं काम, असं मी यावरूनच मानू लागलो. वितळणाऱ्या होडीमुळे फ्रूडला चुकीचा आकार करून बघण्याची भीतीच उरली नाही.

पण खरी परीक्षा समुद्रातच व्हायची होती. १८७१ मध्ये पोर्ट्‌समथजवळच्या स्टोक्स बेमध्ये आरमाराचं ‘ग्रेहाउंड’, १७२ फुटांचं जहाज, ‘ॲक्टिव्ह’ या दुसऱ्या जहाजाने ओढलं. साधं वाटतं ना? पण थेट मागे बांधून ओढलं तर ‘ग्रेहाउंड’ पुढच्या जहाजाने घुसळलेल्या पाण्यातून जाणार आणि आकडे नासणार. म्हणून ‘ॲक्टिव्ह’च्या कुशीतून ४५ फूट लांब दांडा बाहेर काढला आणि दोर त्याच्या टोकाला बांधला. नदीतल्या लाँचची तीच युक्ती, शेकडो टनांवर वापरलेली. हौदात ‘ग्रेहाउंड’ची मेणाची प्रतिकृती पुढच्या वर्षी ओढली. १८७४ मध्ये दोन्ही आलेख शेजारी छापले गेले.

या आलेखांकडे बारकाईने पाहण्यासारखं आहे. दोन्हींची वळणं एक, चढ एक. पण खऱ्या जहाजाची रेघ थोडी वर. फ्रूडने ते लपवलं नाही. जहाजाच्या बुडावरचा तांब्याचा पत्रा जुना, खरखरीत झालेला. त्याचा काही भाग वार्निशसारखा आणि काही भाग सुती कापडासारखा धरला, तर दोन रेघा एकमेकींवर बसतात, असं त्याने दाखवलं. हिशेब जुळवून घेण्याची ही पळवाट आहे का? रसिक वाचकाने इथे भुवई उंचवायलाच हवी. माझ्या मते पळवाट नाही, कारण वर-खाली सरकवलेली गोष्ट फक्त घर्षणाची, जिचं मोजमाप फळ्यांनी स्वतंत्रपणे केलेलं होतं. लाटांची बाकी त्याने हलवली नाही आणि आलेखाचं वळण त्या बाकीतून येतं. तरीही कापडाचं प्रमाण ठरवताना त्याच्या नजरेसमोर उत्तर होतं, हे नाकारता येणार नाही. याच प्रयोगाने आणखी एक गुपित फोडलं. इंजिनात तयार होणाऱ्या शक्तीपैकी जहाज प्रत्यक्ष पुढे नेण्याच्या कामी निम्मीसुद्धा लागत नव्हती. बाकीची यंत्रातल्या घर्षणात आणि पंख्याच्या घुसळणीत जात होती.

१८७७ चा निबंध मला या सगळ्याचा कळस वाटतो. जहाजाची दोन्ही टोकं तशीच ठेवून फ्रूडने मधला सरळ भाग थोडा थोडा वाढवत नेला. लांबी वाढली की विरोध वाढेल, असं कुणालाही वाटेल. विरोध वाढला, मग कमी झाला, पुन्हा वाढला, पुन्हा कमी झाला. कारण नाळेपासून निघालेली लाटांची माळ जहाजाच्या कुशीने मागे येते. तिचा उंचवटा मागच्या टोकाशी पोहोचला तर तो जहाजाला मागून जणू रेटा देतो. खळगा आला तर जहाज त्यात अडकतं. दोन टोकांच्या लाटा एकमेकींना बुडवूही शकतात, हे यातून कळलं. पुढे अमेरिकेच्या डेव्हिड टेलर यांनी ‘डेलावेअर’ या युद्धनौकेच्या नाळेखाली फुगवटा दिला. जपानच्या ताकाओ इनुई यांनी नाळेची लाट फुगवट्याच्या लाटेने मारण्याचं गणित पक्कं केलं. माल उतरवून हलकं झालेलं जहाज मुंबईच्या बाहेर नांगरून असतं तेव्हा पाण्यावर दिसणारं ते लाल नाक १८७७ च्या मेणाच्या होड्यांच्या वंशातलं आहे.

उणं काढायचं तर बाकीतच काढावं लागेल. फ्रूडची बाकी म्हणजे निव्वळ लाटा नव्हेत. मागच्या टोकाशी उठणारे भोवरे, आकारामुळे वाढलेलं घर्षण, सगळं तीत गाठोड्यासारखं बांधलेलं आहे. त्याला हे ठाऊक होतं आणि त्याने ते चालवून घेतलं. १९५७ मध्ये माद्रिदला जगभरच्या हौदवाल्यांनी घर्षणाची नवी रेषा ठरवली, नंतर आकाराचा गुणकही आला. गाठोडं थोडं सोडवलं गेलं, टाकून कुणी दिलं नाही. फ्रूड १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सायमन्सटाउनला आमांशाने गेला. आरमाराच्या जहाजावर पाहुणा म्हणून निघाला होता. १८८६ मध्ये त्याच्या मुलाने, रॉबर्टने, हौदाचं काम हॅस्लरला नेलं.

आपल्याकडे विशाखापट्टणमला नौदलाच्या प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीचा हौद आहे. खरगपूर आणि चेन्नईच्या आयआयटींतही हे काम चालतं. त्यातलं एक काम मराठी वाचकाला जवळचं वाटावं. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून नौदलाने फळ्या काथ्याने शिवलेलं शिडाचं जहाज बांधायला घेतलं. ते गोव्यात शिवलं गेलं आणि २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं. चित्रकाराने भिंतीवर जहाज काढलं होतं, नकाशा नव्हे; पाण्याखालचा आकार आजच्या लोकांना ठरवावा लागला. तो आकार पाण्यात कसा वागेल, हे चेन्नईच्या आयआयटीतल्या महासागर अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीवर तपासलं गेलं. काथ्याने शिवलेलं, खिळा न मारलेलं जहाजही शेवटी फ्रूडच्या नियमाखाली आलंच.

वाचकाला एक सुचवतो. गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसाल तेव्हा वरच्या मजल्यावर न जाता खाली कडेच्या बाकावर बसा आणि कुशीला लागून जाणाऱ्या लाटांचे उंचवटे मोजा. लाँच ताशी १५ किलोमीटरने चालली असेल तर दोन उंचवट्यांत सुमारे ११ मीटर अंतर सापडेल. धक्का जवळ येऊन वेग निम्मा झाला की तेच अंतर पावणेतीन मीटरवर येईल.